पाय दाखव

शहारे मॅडम माणसाचं तोंड नंतर बघत, आधी पाय. समोरून कोणी आलं की त्यांची मान खाली जाई आणि नवख्याला वाटे, काय विनयशील बाई आहेत! विनय त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. हा माणूस लंगडतो का, चपलेचा पट्टा बोटाला घासतो का, अंगठ्याला चिंधी बांधली आहे का, एवढंच त्या बघत असत. चिंधी दिसली की भर रस्त्यात हुकूम सुटे, "पाय दाखव."

माणूस ओळखीचा असलाच पाहिजे असं नव्हतं. एकदा एसटीच्या कंडक्टरला त्यांनी तिकीट फाडता फाडता चप्पल काढायला लावली. तो बिचारा "मॅडम, पब्लिक खडी आहे मागं" म्हणत राहिला. मॅडम म्हणाल्या, "पब्लिक कुठं पळून नाई चालली. पाय गेला त तू कायच्यावर उभा राहशील?" आणि त्या कंडक्टरने खरोखर पाय दाखवला. बायकांच्या सीटवर टेकून, मोजा काढून.

आमच्या हायस्कुलात त्या मराठी शिकवत, मी गणित. गाव सौंदडच्या बाजूचं. चहूकडे बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मधोमध शाळा आणि आठवडी बाजाराची मोकळी जागा. मॅडम बुटक्या, चष्म्याच्या काचा जाड, हातात बारमाही छत्री. उन्हाळ्यात ऊन अडवायला, पावसाळ्यात पाऊस आणि हिवाळ्यात पोरांना धाक म्हणून.

त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती. एरवी त्या कोणाशीही सरळ इथल्या झाडीबोलीत बोलत, मराठीच्या तासालासुद्धा. पण राग आला की भाषा एकदम शुद्ध होई. 'आपण', 'कृपया', 'अत्यंत' असे शब्द तोंडातून पडू लागले की समजावं, आता कोणाची तरी खैर नाही. "आपण अत्यंत निष्काळजी आहात," एवढ्या एका वाक्याने मिशीवाले गडी रडकुंडीला आलेले मी पाहिले आहेत. शिवी परवडली असती. शिवीला उलट शिवी देता येते, शुद्ध मराठीला काय देणार?

साखर त्यांना नव्व्याण्णव साली निघाली. गोंदियाच्या ज्या डॉक्टरांकडे त्या गेल्या होत्या, त्यांनी रिपोर्टवरचा आकडा पाहिला आणि मान वर न करता सांगितलं, "शक्कर बंद, चावल बंद, आलू बंद. एक महिने बाद दिखाना."

मॅडम उठल्या नाहीत. "तो खाना क्या है?"

"आप तो टीचर हैं, समझदार हैं," असं म्हणून डॉक्टरांनी घंटी वाजवली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या शुद्ध मराठीत बोलत होत्या, त्यामुळे आम्ही सगळे गप्प होतो. "मी समजूतदार आहे, म्हणून मला माहिती देण्याची आवश्यकता नाही. कापगते सर, हा कोणता न्याय?" मग त्यांनीच पुढचं सांगितलं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी विचारलं होतं, तुम्हाला काय सांगितलं? एकाला मेथीचं पाणी, एकाला कारल्याचा रस, एकीला नुसती भाकर. सालेकशाकडच्या एका म्हाताऱ्याला फक्त "परहेज करना" सांगितलं होतं. त्याने आपल्या अकलेने मासे सोडले होते आणि मासे नाहीत म्हणून भात दुप्पट केला होता. मॅडमनी बरोबर नेलेला डबा त्या बाकावर उघडलाच नाही, तसाच परत आणला आणि त्या दिवसापासून हे काम डोक्यात घेतलं.

पण खरं सांगायचं तर त्यांनी हे गावासाठी केलं नाही, आणि स्वतःसाठी तर मुळीच नाही. त्यांनी ते आक्कासाठी केलं.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, भागरता. इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या एका गावात राहायची. माय लवकर गेली, तेव्हा या बहिणीने दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाची रोपं लावत, रोवणी करत सुलोचनेला, म्हणजे मॅडमना, शिकवलं. कालव्याच्या पाण्यावर तिकडे उन्हाळी धानही होतो, त्यामुळे रोवणी वर्षातून दोनदा, आणि आक्का दोन्ही वेळा चिखलात. "माह्या बी. एड.ले चिखलाचा वास येते," असं मॅडम अभिमानाने सांगत. आपली साखर निघाल्यावर त्यांनी पहिल्याच रविवारी आक्काला तपासायला नेलं. तिची दीडपट निघाली. वर तळपाय बधिर. काटा रुतला तरी पत्ता नाही, रात्री तेल लावताना हाताला लागला तेव्हा कळलं, असं ती हसत सांगत होती. मॅडम हसल्या नाहीत. ज्या पायांवर आपण उभ्या आहोत ते पाय वाचवायचे, हे त्यांनी त्या रविवारी ठरवलं. बाकी बैठका, कागद, भांडणं ही सगळी त्याच्या पोटातली.

पहिलं भांडण पुस्तकांशी झालं. पुण्या-मुंबईला पत्रं धाडून त्यांनी माहितीच्या पुस्तिका मागवल्या. पुस्तिका आल्या, गुळगुळीत कागदाच्या, सुंदर चित्रांच्या. आत लिहिलेलं, ज्वारीची भाकरी खा, सफरचंद चालेल, पहाटे बागेत फिरायला जा. मॅडमनी ते आक्काला वाचून दाखवलं. आक्का म्हणाली, "बाग कोनाची व?" पहाटेपासून बांधीत वाकलेल्या बाईला फिरायला पाठवणाऱ्या त्या पुस्तिका मॅडमनी कपाटावर फेकल्या. इथे सकाळी बासी भात, दुपारी भात, रात्री भात. भात बंद म्हणजे जेवण बंद. जेवण बंद करायला कोणी तयार होत नाही, म्हणून लोक औषधच बंद करत.

मग त्यांनी स्वतःचा नियम काढला. आमच्याकडे ताटात भाताचा ढीग घालतात आणि वरणासाठी त्यात मधोमध आळं करतात. मॅडमचा नियम असा, की ज्या भाताला आळं करावं लागतं तो भात जास्त झाला. वरण आधी वाढून घ्या, भाजी त्याच्या बाजूला, आणि उरलेल्या जागेत मावेल तेवढा भात. न मोजता, न तोलता कोणालाही कळेल असा हा नियम होता. मी आजही लग्नाच्या पंगतीत बसलो की आळं करताना हात थबकतो, आणि मला साखर नाही.

बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की व्हरांड्यात त्यांची बैठक भरे. आसपासच्या गावांची माणसं भाजीची पिशवी घेऊनच यायची. मॅडमनी स्वतःच्या पैशाने बोटातलं रक्त तपासायचं मशीन घेतलं होतं. त्या मशीनसाठी लोक येत आणि मशीनच्या आधी पाय दाखवावे लागत. डोळे मिटायला सांगून फुलझाडूची काडी त्या तळव्याला लावत आणि विचारत, "कळलं?" नागपूरच्या एका शिबिरात त्या हे शिकून आल्या होत्या.

पहिल्या दोन-चार बैठकांत मोठी पंचाईत झाली. मॅडम पायाशी वाकल्या की शेतकरी घरांतले म्हातारे सवयीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवत आणि म्हणत, "सुखी राहा, बाई." छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेपासून ज्या घरात कोणी कोणाच्या पाया पडलं नव्हतं, त्या घरची ही लेक. ती ताडकन उठे. "मी पाया पडून नाई राहिली, पाय पाहून राहिली. हात खाली ठेवा." म्हातारे ओशाळून हात मांडीखाली घालत. आम्ही हसायचो. आता त्या हसण्यात मला तितकीशी मजा वाटत नाही.

कारण एका बाजाराच्या दिवशी मालक आले. आमच्या संस्थेचे सचिव. मालगुजारी जाऊन जमाना झाला, पण लोक त्यांना मालकच म्हणत आणि ते म्हणवून घेत. त्यांनाही साखर होती. जीपमधून उतरून खुर्चीवर बसले, बोट पुढे केलं. मॅडम म्हणाल्या, "जोडा काढा जी. पाय दाखवा."

"पाय कायले? बोट देऊन राहिलो ना."

"साखर बोटात कळते. नुकसान पायात."

"माह्या पायाले हात लावाले घरचे लोक आहेत, मॅडम."

"घरच्यांनी शेवटचा कधी पाहिला?"

मालकांनी चहूकडे पाहिलं. व्हरांडा माणसांनी भरला होता. मग ते हसून म्हणाले, "तुमाले पायाले हातच लावायचा असंल त रीतीनं लावा. आशीर्वाद देतो."

लोक हसले. कोण कोण हसलं ते मी सांगू शकतो, पण त्यातले बरेच आता नाहीत. मॅडम ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांची भाषा शुद्ध झाली. "आपला आशीर्वाद आपण कृपया आपल्यापाशीच ठेवावा. आपल्या मोज्याला पू लागला आहे, आणि तो मला इथून दिसतो आहे."

सगळ्यांनी मोज्याकडे पाहिलं. मालकांनीही पाहिलं. ते जोडा न काढताच उठले आणि जीप सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेत सूचना फिरली, शाळेच्या आवारात शिक्षणाव्यतिरिक्त कार्यक्रम घेऊ नयेत. मॅडमनी सही केली आणि बैठक बौद्ध विहारात नेली. विहार बाजाराच्या रस्त्यावरच होता, ओसरी मोठी, पाण्याची सोय. अडचण काहीच नव्हती, आणि तरी निम्मी माणसं यायची थांबली. माझ्याच जातीची, माझ्या घरातलीसुद्धा. माझे सख्खे काका, ज्यांच्या टाचेची भेग मॅडमनी महिनाभर बघून भरून आणली होती, ते मला म्हणाले, "शाळेत ठीक होतं गा. तिकडं कसं जावाचं?" विहारापुढून जाताना ते सायकल जोरात मारत. पाय गेला तरी चालेल, ती पायरी नको. मी काकांना माझ्या परीने खूप बोललो. काका ऐकून घेत आणि सायकल जोरात मारत.

काही महिन्यांनी मालकांची दोन बोटं नागपूरला कापावी लागली. गाव काय म्हणालं असेल? गाव म्हणालं, बाईची नजर लागली. पू होता त्या पायाचा दोष नाही, ज्या डोळ्यांनी तो पाहिला त्यांचा दोष! हे मॅडमच्या कानावर गेलं तेव्हा त्या पेपर तपासत होत्या. "नजर लागते त लागू द्या," त्या म्हणाल्या, "निदान पायाकडं पाहतीन तरी."

पुढे आणखी एक प्रकार सुरू झाला. विहाराच्या ओसरीवर दिसली म्हणजे हिला साखर, असा हिशेब लोकांनी केला, आणि लग्नाच्या पोरी दिसेनाशा झाल्या. मग पोरींच्या मायाही. एक पोर मॅडमच्या घरी मागच्या दाराने यायची, इन्सुलिनची रोजची सुई टोचायला शिकायला. वर्षभराने तिचं लग्न झालं. मांडवात मॅडम दिसल्या तर तिच्या मायने तोंड फिरवलं, साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. मॅडम जेवून आल्या. भाताला आळं न करता, हेही मुद्दाम सांगितलं.

या सगळ्याने दुसरी बाई खचली असती. मॅडम खचत नसत, कारण महिन्यातल्या एका रविवारी त्या सौंदडहून गाडी धरून अर्जुनीला उतरत आणि आक्काचे पाय बघून येत. पाय शाबूत असले की सोमवारी त्यांचा तास रंगे. दोन-तीनदा मीही त्यांच्याबरोबर गेलो.

आक्का म्हणजे उंच, काळीसावळी, दात पुढे आलेली आणि सारखी हसणारी बाई. धाकट्या बहिणीपुढे अपराध्यासारखी पाट्यावर बसायची, पाय धुऊन. डोळे मिटले की मॅडम काडी लावायच्या आधीच म्हणायची, "कळलं. कळलं."

"आक्का, आपण असत्य बोलत आहात."

"पाहा सर, पुस्तकासारखी बोलते. इतकुशी होती तवा माह्या खांद्यावर बसून शाळेत जाये. आता मले भेव लागते हिचा." असं म्हणून आक्का हसायची. मीही हसायचो. मॅडम काडी फिरवत राहायच्या.

भांडण एकाच गोष्टीवरून, रोवणी सोड. बधिर पाय चिखलात घालू नको. घरात मुलगा कमावता होता, मॅडम महिन्याला पाठवत होत्या, कामाची काही गरज नव्हती. पण रोवणीच्या दिवसांत बायांची ओळ बांधीत उतरते, गाणी सुरू होतात, थट्टामस्करी होते, आणि त्या ओळीत आक्का सगळ्यांच्या पुढे असायची. "तूच म्हनतेस ना, हातपाय हलवत राहा. मंग रोवणी म्हंजे का बसून राहणं आहे? घरी बसली त मेल्यासारखं वाटते मले." यावर मॅडम आणखी शुद्ध बोलत.

शेवटी त्यांनी नागपूरहून काळे गमबूट आणले, गुडघ्यापर्यंतचे. आक्काला घालून दाखवले, चालवून पाहिलं, शपथ घ्यायला लावली. आमच्या भागात बांधीत पायताण घालून कोणी उतरत नाही. धान म्हणजे लक्ष्मी, आणि बांधीचा मालक ते खपवून घेणार नाही. शिवाय बूट चिखलात रुतले की पाय बाहेर आणि बूट आत. हे मॅडमना ठाऊक होतं, रोवणी करणाऱ्या घरातल्याच होत्या त्या. तरी त्यांनी ठरवलं की आक्का घालेल, म्हणजे घालेल.

आणि आक्काने घातले. पुढच्या रविवारी गेलो तर दारात गमबूट उभे, वरपर्यंत चिखलाने माखलेले. मॅडमच्या तोंडावर जे समाधान मी त्या दिवशी पाहिलं, ते आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाल्यावरही कोणाच्या तोंडावर पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांनी काडीसुद्धा काढली नाही. बैठकीत त्या सांगू लागल्या, "माही आक्का बूट घालून रोवणी करते. तुमाले काऊन जमत नाई?" आक्काचा दाखला हे बैठकीतलं शेवटचं हत्यार झालं. दोन-तीन बायांनी त्यापायी बूट घेतलेही.

पुढच्या पावसाळ्यात मॅडमच्या डोळ्यांनी दगा दिला. साखर डोळ्यांवरही जाते. नागपूरच्या चकरा, डोळ्यांत औषध, उजेडात बाहेर पडायचं नाही. त्या मोसमात त्यांचं आक्काकडे जाणं झालं नाही. शेजारच्या फोनवर त्या विचारत, "पाय कसा आहे?" तिकडून उत्तर येई, "बेस आहे. बूट घालते ना मी."

रोवणीत सगळ्याच बायांचे पाय सडतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, आणि त्याला उपायही सगळ्यांना माहीत असतो. बिब्बा तापवायचा आणि त्याचं गरम तेल बेचक्यात सोडायचं. चटका बसला की बाई बोंबलते, बाकीच्या हसतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात. आक्कालाही चिखल्या झाल्या. बायांनी तिला मध्ये बसवलं आणि चटका दिला. आक्का बोंबलली नाही. तिला कळलंच नव्हतं. बायांना वाटलं, किती धीराची बाई आहे! त्यांनी तिचं कौतुक केलं आणि चटका नीट लागला नसेल म्हणून आणखी चटके दिले. हे सगळं त्या बायांनीच पुढे रडत सांगितलं. मायेने केलं होतं, त्यांना काय बोलणार?

आक्काने पाय फडक्यात गुंडाळला आणि महिनाभर लपवला. सुनेला सांगितलं, सुलीले सांगू नको. घरात वास सुटला तेव्हा मुलाने फोन केला. मॅडम पोचल्या तोवर घोटा काळा पडला होता.

नागपूरला पाय मांडीतून कापला. मी भेटायला गेलो तेव्हा मॅडम खाटेशेजारी स्टुलावर बसल्या होत्या, छत्री मांडीवर. आक्का पांघरुणात खूप लहान दिसत होती. मॅडमनी माझ्यादेखत विचारलं, अगदी हळू, आणि झाडीबोलीत, "काऊन नाई सांगतलं व, आक्का? मी होती ना."

आक्का म्हणाली, "तू पुस्तकातली बोलशील म्हनून. भेव लागते ना मले."

मी बाहेर जाऊन चहा आणला, तो कोणी घेतला नाही.

दोन दिवसांनी आक्काची लुगडी आणायला मॅडम तिच्या गावी निघाल्या. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, म्हणून सोबतीला मी. दारात गमबूट तसेच उभे होते, चिखल वाळून तडकलेला. मॅडम आत गेल्या, लुगडी घेऊन आल्या, आणि जाता जाता कोण जाणे का, खाली बसल्या. हाताने बूट चाचपला. मग हात आत घातला, कोपरापर्यंत. बाहेर आला तो कागदाचा बोळा. दुकानदाराने बूट चेपू नये म्हणून कोंबलेला, त्या दिवशी चालून दाखवल्यावर परत आत गेलेला, कोरा करकरीत. दुसऱ्या बुटातही तसाच.

सून कुडाला धरून उभी होती. रडत म्हणाली, "तुमी येनार असल्या की आत्या बुटांले पंपावर नेऊन चिखल लावत जी."

मॅडमनी दोन्ही बोळे पुन्हा बुटांत घातले, नीट दाबून, आणि बूट भिंतीला लावून ठेवले. परतीच्या गाडीत त्या एकच वाक्य बोलल्या. "मी बूट पाहिले, सर. पाय नाई पाहिले."

आक्का महिन्याभरात गेली. पुण्यानुमोदनाला मालकांनी हार पाठवला, स्वतः आले नाहीत. गावाला मात्र बोलायला विषय मिळाला. दिव्याखाली अंधार, लोक म्हणाले. जगाचे पाय पाहत फिरते आणि घरचा दिसला नाही. हे म्हणणाऱ्यांत ज्यांचे पाय मॅडमनी वाचवले होते तेही होते, दोन्ही पायांवर उभे राहून म्हणत होते. मला त्या लोकांचा राग आहे. अजून आहे. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

बैठक त्यांनी बंद केली नाही. पण रागावणं बंद केलं. कोणी गोळ्या सोडल्या, कोणी मंडईत बसणाऱ्या वैद्याची पुडी घेतली, कोणी जखमेवर शेण थापून आलं, तरी मॅडम मऊ आवाजात समजावत. 'आपण' आणि 'अत्यंत' त्यांच्या तोंडून पुन्हा निघाले नाहीत, वर्गातसुद्धा नाही. मला वाटलं होतं, आता तरी लोक निर्धास्त येतील. झालं उलटंच. बाई आता काही म्हणत नाहीत म्हटल्यावर लोकांना त्यांच्या बोलण्याचं वजन वाटेना. ऐकत, मान हलवत, आणि घरी जाऊन भातात आळं करत. हळूहळू ओसरीवर मशीन आणि मॅडम एवढंच उरलं. त्या रागावत होत्या तेव्हा एकीने पाय लपवला, आणि रागावणं सोडलं तेव्हा बाकीच्यांनी दाखवणं सोडलं. यातून काय शिकायचं ते मला ठरवता आलेलं नाही, आणि कोणी ठरवून सांगू लागलं तर मला आवडणार नाही.

त्या निवृत्त झाल्या, मग मीही झालो. शेवटचं पाहिलं ते सौंदडच्या फलाटावर, दोन हजार तेराच्या रोवणीच्या दिवसांत. त्या बाकावर बसल्या होत्या, छत्री आडवी. चष्म्याच्या काचा आणखी जाड झाल्या होत्या, मी आवाज दिला तेव्हा त्यांनी मला ओळखलं. आक्काच्या नातवाकडे निघाल्या होत्या. गाडीला वेळ होता. आम्ही पेन्शनचं, पावसाचं बोलत होतो.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला रोवणीवरून परतणारी एक बाई बसली होती. तिशीची असेल, लुगड्याला वाळलेला चिखल, मांडीवर डबा. पायाच्या अंगठ्याला पांढरी चिंधी. चिंधी पांढरी होती म्हणूनच मॅडमना दिसली असावी. त्या बोलता बोलता थांबल्या.

"काय व बाई, पायाले का झालं?"

"काई नाई जी. चिखल्या."

"साखर आहे का तुले?"

बाईने माझ्याकडे पाहिलं.

"दाखव बरं."

बाईने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मॅडम बाकावरून तिच्या बाजूला सरकल्या आणि हात पुढे केला, तळवा वर, भीक मागावी तसा. "दाखव ना व. नाई रागावत मी."

तेवढ्यात गाडी आली. बाईने डबा उचलला आणि जनरल डब्याकडे पळाली, लंगडत. ती लंगडत होती हे मी पाहिलं. मॅडमनी पाहिलं की नाही, सांगता येत नाही. मी म्हणालो, "मॅडम, चला, गाडी लागली." त्या उठल्या नाहीत. हात तसाच पुढे होता, आणि त्या बाकाच्या रिकाम्या टोकाला पुन्हा म्हणाल्या, "खरंच नाई रागावत."